महालक्ष्मीच्या मैदानावर

कोकण हा घोड्याचा मुलूख नव्हे. जांभ्या दगडाचे सडे, त्यांवरून खाली उतरणाऱ्या अरुंद पाखाड्या, डोंगरांच्या कुशीत दूरवर शिरलेल्या खाड्या आणि चार महिने अखंड कोसळणारा पाऊस, ज्यात खूर कुजतात आणि गंजीतली वैरण बुरसते, अशा या भूमीने माणसाला बैल दिला, होडी दिली, खांद्यावरची कावड दिली; घोडा मात्र दिला नाही. रत्नागिरीत वाढलेल्या माझ्यासारख्याने लहानपणी घोडा पाहिला तो इतिहासाच्या पुस्तकातील चित्रांत, देव्हाऱ्यातील खंडोबाच्या टाकावर किंवा क्वचित कधी गावात उतरलेल्या सर्कशीच्या तंबूत. आणि तरीही, ज्या अश्वदळांच्या टापांनी दक्षिणेचा चारपाचशे वर्षांचा इतिहास निनादत राहिला, त्या अश्वदळांतील घोडा या देशात आला तो पुष्कळ अंशी आमच्याच दारातून आला, ही गोष्ट मला फार मोठी वाटत आली आहे.

वाशिष्ठी जेथे सागरास मिळते तेथील दाभोळ हे आज मासळीचे आणि फेरीबोटीतून पलीकडे धोपाव्यास जाणाऱ्या उतारूंचे गाव आहे. माँसाहेबांच्या मशिदीचा घुमट आणि खाडीचे विस्तीर्ण पात्र एवढेच त्याच्या गतवैभवाचे साक्षीदार. परंतु बहमनी अमलात या बंदराची कीर्ती अशी होती की, सुमारे १४७० च्या काळात हिंदुस्थानात येऊन गेलेल्या अफानासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याने आपल्या प्रवासवृत्तात दाभोळचे वर्णन करताना मिसर, अरबस्तान, खुरासान आणि तुर्कस्तान येथून घोडे उतरणारे अतिशय मोठे बंदर म्हणून त्याचा उल्लेख केला आहे. निकितीन स्वतःही एक घोडा घेऊनच आला होता. तो चौलास उतरला, घोड्यासह जुन्नरास गेला, तेथील असदखानाने त्याचा घोडा जप्त करून धर्मांतराची अट घातली, एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीने तो परत मिळाला, आणि शेवटी बीदर येथे त्याने तो विकला. स्वदेशी परतण्यासाठी त्याने गलबत धरले तेही दाभोळासच. या देशात घोडे निपजत नाहीत आणि येथील लोक त्यांना वाटाण्यासारखे कडधान्य, शिवाय साखर व तूप घालून शिजवलेली खिचडी खाऊ घालतात, असे त्याने मोठ्या विस्मयाने नोंदवून ठेवले आहे.

त्याच्याही जवळजवळ दोन शतके आधी मार्को पोलोने ठाण्याविषयी लिहिले आहे की, तेथील राजाने समुद्रावरील चाच्यांशी असा करार केला होता की लुटीतील इतर सर्व माल चाच्यांनी ठेवावा, घोडे तेवढे राजास द्यावेत. दक्षिणेच्या हवेत उत्तम घोड्याची पैदास होईना, आणि उत्तम घोड्यावाचून तर राज्य टिकेना, अशा पेचात सापडलेल्या सत्ताधीशांना पश्चिम किनाऱ्यावरील प्रत्येक बंदर हे आपल्या सैन्याचेच द्वार वाटावे, हे स्वाभाविक होते. पोर्तुगीजांनी १५०८ च्या डिसेंबरअखेर दाभोळ जाळून बेचिराख केले आणि पुढे घोड्यांचा व्यापार गोव्याकडे वळवून त्याच्या जकातीवर आपली तिजोरी भरली. कोकणच्या पदरी या साऱ्या उलाढालीतून जकात आली, हमाली आली, तांडेल-खलाशांची मजुरी आली. घोडा मात्र बंदरात उतरला, खाडीच्या कडेने चिपळूणपर्यंत गेला, कुंभार्लीचा घाट चढला आणि देशावर नाहीसा झाला.

हा घोडा पुढे कोठे गेला, आणि आज तो पाहावयाचा झाल्यास कोठे पाहावा, या प्रश्नाने मला चैत्र सरून वैशाख लागण्याच्या सुमारास मुंबईस महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर नेले. बागेतील आंब्याची काढणी ऐन भरात असताना रत्नागिरीचा माणूस गाव सोडत नाही. परंतु मुंबईतील शर्यतींचा हंगाम नोव्हेंबरापासून एप्रिलापर्यंतच चालतो, त्यानंतर घोडे पुण्यास हलवले जातात आणि जुलैपासून तेथे पावसाळी हंगाम सुरू होतो. ही वाटणीसुद्धा इतिहासाने घालून दिलेली आहे. मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात आपला दरबार घेऊन पुण्यास जात असे, त्याच्यामागे अंमलदार जात, त्यांच्यामागे शर्यती जात. गव्हर्नरांचा तो शिरस्ता बंद होऊन किती काळ लोटला, पण घोडे अद्याप त्याच पंचांगाप्रमाणे घाट चढतात.

मैदानाच्या भूमीविषयी मला प्रथमच एक जवळीक वाटली, आणि ती का वाटली हे सांगितले पाहिजे. आम्हा खाडीकाठच्या लोकांना खाजण म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. भरतीचे पाणी जेथे पसरते तेथे बांध घालावा, उघाडी ठेवून खारे पाणी बाहेर काढावे, पावसाच्या गोड्या पाण्याने वर्षानुवर्षे जमीन धुऊ द्यावी, आणि मग त्या जमिनीत भात पेरावे, हे आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले काम आहे. महालक्ष्मीचे मैदान हे असेच, परंतु प्रचंड प्रमाणावरचे, खाजण आहे. मुंबई ही बेटांची होती तेव्हा वरळी आणि मुंबईच्या बेटांमधील खिंडारातून समुद्र आत शिरून हा सारा सखल प्रदेश भरतीच्या वेळी बुडवीत असे. गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास, हे खिंडार बांध घालून बुजवण्यात आले. बांध पुन्हा पुन्हा ढासळत असता रामजी शिवजी या प्रभू गृहस्थास देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती वर निघाल्या आणि त्यानंतर बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. त्या देवीचे मंदिर धाकजी दादाजी यांनी १८३१ मध्ये बांधले. समुद्रमंथनातून निघालेल्या चौदा रत्नांमध्ये लक्ष्मीही आहे आणि उच्चैःश्रवा हा अश्वही आहे. जेथे एका बाजूस सागरातून वर आलेली लक्ष्मी आणि दुसऱ्या बाजूस सागरावरून आलेला घोडा उभा आहे, अशी जागा समुद्राकडून मागून घेतलेल्या जमिनीवरच असावी, हा योगायोग मला मनोमन पटून गेला.

शर्यती मुंबईस त्याआधीपासून होत असत, त्या भायखळ्याच्या बाजूस; महालक्ष्मीच्या दलदलीवर भर घालून आजचे लंबवर्तुळाकार मैदान १८८३ मध्ये सिद्ध झाले. त्या काळी बसरा-कुवेतकडून बगला नावाच्या गलबतांमध्ये भरून आलेले अरबी घोडे मुंबईच्या धक्क्यावर उतरत आणि भेंडीबाजारातील व भायखळ्याच्या तबेल्यांत अरब सौदागर त्यांची विक्री करीत. पहिले आगाखान मुंबईत येऊन स्थायिक झाले तेव्हा या अश्वप्रेमास एक थोर आश्रयदाता लाभला. १९३५ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाकडून येथील टर्फ क्लबास ‘रॉयल’ हा किताब मिळाला. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी येथे धावली गेली आणि बडोदे सरकारच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने ती जिंकली. २४०० मीटरची ती शर्यत आजही भारतातील सर्वांत मानाची समजली जाते.

माझे मन मात्र या इतिहासापेक्षा पहाटेत अधिक गुंतले. शर्यतीच्या दिवशी जे मैदान रंगीबेरंगी पोशाख, आरोळ्या आणि तिकिटांचे कपटे यांनी भरून जाते, ते सरावाच्या प्रहरी अगदी निराळे असते. हवेत अद्याप किंचित गारवा असतो, हाजीअलीकडून खारा वारा येत असतो, कडेच्या वाटेवरून नित्यनेमाने फिरावयास येणारे नागरिक मुकाट्याने चालत असतात, आणि आतील वाळूच्या पट्टीवर एकामागून एक घोडे येऊ लागतात. कोणी कुमाईत, कोणी सुरंग, कोणी सब्जा. पायांना पट्ट्या बांधलेल्या, कान टवकारलेले, मान आखडती घेऊन तिरप्या पावलांनी चालणारे. पाठीवर स्वार असा बेताचा की वजन जाणवू नये. प्रशिक्षक स्टॅंडजवळ हाती घड्याळ घेऊन उभे असतात. मग स्वार किंचित पुढे झुकतो, लगाम सैल सुटतो, आणि त्या तिरप्या पावलांचे रूपांतर एका क्षणात अशा काही गतीत होते की पाहणाऱ्याच्या छातीतही काहीतरी धडधडू लागते.

पळता घोडा जवळून जाताना प्रथम ऐकू येतो तो त्याचा श्वास. चौखूर धावणारा घोडा प्रत्येक झेपेस एकच श्वास घेतो. पुढचे पाय जमिनीस टेकताना श्वास बाहेर पडतो, शरीर ताणले जाताना आत येतो, आणि त्यामुळे टापांचा व श्वासाचा ताल एकच होऊन जातो. मी कठड्याशी उभा असताना तो ताल दुरून जवळ आला, अंगावरून गेला आणि पुन्हा दूर विरला, तेव्हा शेकडो वर्षे ज्यांनी या प्राण्याच्या पाठीवर बसून राज्ये मिळवली आणि गमावली, त्यांच्या कानांत अखंड हाच ताल असला पाहिजे, हे मला पुस्तके वाचून कधी समजले नव्हते ते समजले.

सूर्य वर येताच उन्हाळ्याने आपला अंमल बसवला. मुंबईचा वैशाख हा रत्नागिरीच्या वैशाखाचा सख्खा भाऊ आहे. ऊन कमी, घाम अधिक. घोडा हा मनुष्याप्रमाणे सर्वांगाने घामेजणारा प्राणी आहे. परतणाऱ्या घोड्यांच्या मानेवर आणि खोगिराखाली त्या घामाचा पांढरा फेस दाटला होता. सईस त्यांना सावकाश फिरवून दम निववीत होते, अंगावर पाणी घालीत होते, मग खरारा करीत होते. एका वयस्क सईसाने घोड्याचा खूर आपल्या मांडीवर घेऊन तो ज्या निगुतीने साफ केला, ती पाहत मी बराच वेळ उभा राहिलो. त्या माणसाने या घोड्यावर कधी एक रुपया लावला नसेल, आणि घोडा जिंकला तर चषक घेऊन उभा राहणाराही तो नव्हे. पण घोड्याने मान वळवून नाक टेकवले ते त्याच्याच खांद्यावर. दाण्यात हरभरा, ओट, कोंडा, गाजर असे जिन्नस असतात. साखर-तुपाची खिचडी आता नसते, पण घोड्याला माणसाच्या ताटातले द्यावे ही निकितीनने पाहिलेली माया आजही तबेल्यातून गेलेली नाही.

येथे धावतो तो घोडा अरबी नव्हे, तो इंग्लंडात निपजलेल्या थरोब्रेड जातीचा. परंतु त्या जातीचे मूळ पुरुष म्हणून जे तीन घोडे गणले जातात ते सारे पूर्वेकडून नेलेले, आणि त्यांपैकी डार्ली अरेबियन हा १७०४ च्या सुमारास अलेप्पोहून इंग्लंडास गेला. दाभोळात उतरणाऱ्या घोड्यांचे भाऊबंद पश्चिमेस गेले, तेथे त्यांच्यापासून एक नवे कुल निर्माण झाले, आणि त्या कुलाचे वंशज पुन्हा आमच्याच किनाऱ्यावर येऊन धावू लागले. पुण्याच्या आसमंतात आता त्यांचे मोठमोठे पैदासखाने आहेत.

शर्यतीच्या जुगाराविषयी माझे मत मी लपवीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अश्वशर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. घोड्याचे कुल, त्याचा सराव, मैदानाची स्थिती आणि वजन यांचा अभ्यास करणाऱ्याच्या बाबतीत तो रास्तही असेल. परंतु ज्या जिल्ह्याचा संसार एके काळी गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत असे, त्या जिल्ह्यात पगाराचा पैसा रेसच्या नादात गेल्याच्या कथा घरोघर हळू आवाजात सांगितल्या जात. ज्या चुली त्यामुळे थंड पडल्या त्यांना कौशल्याची व्याख्या ऐकवून काय लाभ? मी पैसे लावले नाहीत, लावणारही नाही. मात्र माणसाच्या लोभाचे पाप घोड्याच्या माथी मारण्याची जी रीत आमच्याकडे आहे, ती मला मान्य नाही.

ती मान्य नसण्याचे एक कारण आमच्या रत्नागिरीच्या मातीतच आहे. आमच्याकडे घोडा नसला तरी फुरसे आहे. कातळाच्या सांदीत, गडग्याच्या दगडांत, आंब्याच्या पाचोळ्यात, शेताच्या बांधावर, हातभर लांबीचे, मातीच्या रंगाचे, पाय पडेपर्यंत न दिसणारे. पेरणी-लावणीच्या दिवसांत फुरसे डसल्याची वार्ता ज्याने ऐकली नाही असा शेतकरी या जिल्ह्यात मिळणार नाही. रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून वाहू लागते, आणि पूर्वी त्यावर मंत्र, मुळी आणि देवाची करुणा यांवाचून उपाय नव्हता. आज तालुक्याच्या रुग्णालयात जी प्रतिविषाची कुपी असते, ती घोड्याच्या रक्तातून आलेली असते. घोड्यास नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषाची अत्यल्प मात्रा देत, ती हळूहळू वाढवीत नेतात. त्याच्या शरीरात विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात. मग त्याचे थोडे रक्त काढून, त्यातील द्रव शुद्ध करून ते औषध सिद्ध करतात. महालक्ष्मीपासून फार लांब नसलेल्या परळच्या हाफकिन संस्थेने, जिचा आरंभ १८९९ मध्ये प्लेगच्या प्रयोगशाळेच्या रूपाने झाला, हे काम दीर्घकाळ केले. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे पूनावाला घराण्याच्या पैदासखान्यातून या कामासाठी हाफकिनकडे जात असत, आणि त्यातूनच सायरस पूनावाला यांना स्वतःच लसनिर्मिती करण्याची कल्पना सुचून १९६६ मध्ये पुण्यास सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

मैदानावर उभा असताना ही सारी साखळी माझ्या डोळ्यांपुढे उलगडत गेली. ज्या प्राण्यास कोकणाने कधी आपल्या गोठ्यात जागा दिली नाही, त्याच्या रक्ताने कोकणातील किती शेतकऱ्यांचे, किती गुराखी पोरांचे प्राण वाचवले असतील! आणि त्या बदल्यात आम्ही त्याला काय दिले?

घोड्याच्या निगेविषयी महाराष्ट्रातील एक अत्यंत थोर दस्तऐवज आमच्याच जिल्ह्याशी संबंधित आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास, ऐन उन्हाळ्यात, शिवाजी महाराजांचे लष्कर चिपळुणास छावणीस होते. दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आधीच बरीच खर्ची पडली होती. तेव्हा महाराजांनी जुमलेदार-हवालदारांना जे पत्र पाठवले, त्यात सांगितले आहे की, आता मनास येईल तसा दाणा चाराल तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल. रयतेच्या भाजीपाल्यासही हात लावू नका, गवताच्या गंजीजवळ आगट्या करू नका, चिलीम ओढू नका, दिवा जळता ठेवून झोपू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, इतका बारीक विचार एका राज्यकर्त्याने आपल्या घोड्यांच्या वैरणीविषयी केलेला आहे. मला या पत्रात विशेष वाटते ते हे की, घोड्याचा मृत्यू तेथे दैवाच्या खाती टाकलेला नाही. तो सांभाळणाऱ्याच्या खाती टाकलेला आहे.

महालक्ष्मीच्या जमिनीचा १९१४ मधील ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, आणि त्यानंतर या भूमीवर काय व्हावे याविषयी मुंबईत बराच वादविवाद झाला. २०२४ मध्ये असा निर्णय झाला की २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महानगरपालिकेकडे जावेत आणि ९१ एकर शर्यतींसाठी २०५३ पर्यंत क्लबाकडे राहावेत. समुद्राकडून घेतलेली ही भूमी इमारतींच्या हवाली न होता मोकळी राहावी हे सर्वस्वी योग्य झाले. ज्या शहरात कोकणातून गेलेली लक्षावधी माणसे दहा बाय बाराच्या खोल्यांत आयुष्य काढतात, तेथे आकाश सलग दिसेल असे ठिकाण हे अन्नपाण्याइतकेच आवश्यक आहे.

परंतु जमिनीचा प्रश्न सुटला म्हणून घोड्याचा प्रश्न सुटत नाही. शर्यतीचा घोडा काही थोडी वर्षे धावतो आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे जगतो. त्यांतील काही पैदाशीस जातात, काही स्वारी शिकवण्याच्या कामी येतात. उरलेल्यांचे पुढील आयुष्य मालकाच्या मर्जीवर अवलंबून असते. १९१२ च्या परवाना कायद्यापासून आजतागायत मैदान, परवाना, पैज आणि कर या सर्वांविषयी सरकारदरबारी कलमे लिहिली गेली आहेत. आता आणखी एक लिहिले जावे. या मैदानावर जो घोडा धावला, तो धावण्याचा थांबल्यानंतर त्याच्या अखेरपर्यंतच्या दाणावैरणीची आणि औषधपाण्याची हमी मालकाने व क्लबाने लेखी द्यावी, शर्यतीच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा त्यासाठी वेगळा ठेवला जावा, आणि त्याचा हिशेब दरसाल जाहीर व्हावा. शासनाने ही अट परवान्यातच घालावी. आणि रत्नागिरीच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी विधिमंडळात प्रथम मांडावी, कारण फुरशाच्या दंशातून वाचलेली माणसे त्यांच्याच मतदारसंघांत राहतात.